पेन्सिलच्या दहा रेघा

कॅसेटच्या त्या वर्षांत डोंबिवलीत ज्याच्या घरी आवाज कमीजास्त करायचा इक्वलायझर टेपला जोडलेला असे, त्याची बटणं एकाच आकारात लावलेली असत. खालीवर सरकणारी दहा बटणं, डावीकडची जाड आवाजाची, उजवीकडची बारीक आवाजाची. दोन्ही कडा वर चढवायच्या, मधली खाली आणायची, की समोरून हसरं तोंड दिसायचं. पाहुणे आले की आधी ते तोंड दाखवायचं आणि मग गाणं लावायचं. मीही तेच करायचो. फरक एवढाच की मी सोबत भाषणही द्यायचो. माझे कान फार तिखट आहेत अशी माझी समजूत होती आणि ती मी आल्यागेल्याला ऐकवत असे.

वडिलांचे कान मात्र गेले होते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, पत्र्याच्या प्रेसवर त्यांनी उभी हयात काढली. कानात कापूस घालत नसत; मशीनचं दुखणं मग ऐकू येत नाही, म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता, कोपरला मारुतीच्या देवळात दर शनिवारी होणारं भजन. गळा नव्हता, पेटी येत नव्हती, पण टाळ ते कैक वर्षं वाजवत आले होते.

एका शनिवारी भजन संपल्यावर पखवाजवाल्या बुवांनी त्यांना बाजूला घेतलं. बुवा त्यांच्याच वयाचे. म्हणाले, "जरा हळू वाजवा हो. बाकीचे टाळ तुमच्याखाली दबतात. आणि हात मागे पडतोय तुमचा." वाईट काही बोलले नाहीत. पण वडील घरी आले, टाळ खिळ्याला अडकवले आणि पुढच्या शनिवारी पाय दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारी तेवढंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी सहाला सवयीनं धुतलेला सदरा घालायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. मला ते बघवत नसे.

ह्यांना परत देवळात न्यायचंच, असं मी ठरवलं. दोन महिन्यांपूर्वीच्या एका भजनाची कॅसेट मीच भरली होती, वडील टाळ वाजवत असतानाची. ती नीट ऐकवली तर काय चुकतंय ते त्यांचं त्यांना कळेल. पण मोठ्यानं लावायची सोय नव्हती. आमच्या टीव्हीच्या आवाजावरूनच शेजारच्या बाई भिंतीवर टकटक करायच्या. म्हणून हेडफोन घ्यायचा, आणि तोही मागून बंद, कान पुरता झाकून टाकणारा. ठाण्याला स्टेशनजवळ एक ओळखीचे दुकानदार होते. त्यांनी दोन काढून दिले आणि म्हणाले, "आठवडाभर वापरून बघा. आवडेल तो ठेवा, दुसरा रविवारी आणून द्या."

एक परदेशी होता, हलका, मऊ गाद्यांचा. दुसरा इथेच कुठेतरी जुळवलेला, काळा, जड, डोकं चिमट्यात धरणारा. दोन संध्याकाळी मी दोन्ही आलटूनपालटून ऐकले आणि वहीत तुलना लिहिली. परदेशीत पखवाज घुमतो, गळे गोल लागतात. देशीत बारीक आवाज टोचतो, मधूनच पत्र्याचा डबा वाजतो. खरं तर परदेशी ठेवायचा हे मी पहिल्या पाच मिनिटांतच ठरवलं होतं. वही आपली शोभेला.

मग वडिलांना बसवलं. माझ्या हसऱ्या तोंडाच्या सेटिंगवर कॅसेट लावली.

"कसं वाटतं?"

"छान आहे."

दोन बटणं हलवली. "आता?"

"छान आहे."

हेडफोन बदलला. "आणि हा?"

"हाही छान आहे."

"बाबा, सगळंच कसं छान असेल? काहीतरी सांगा ना!" मी वैतागलो.

"अरे, मला त्यातलं काय कळतंय?" ते म्हणाले आणि हेडफोन दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला.

गुरुवारी ऑफिसातून आलो तर इक्वलायझरचा पार विचका झालेला. डावीकडची बटणं तळाला, उजवीकडची एकजात टोकाला. हसऱ्या तोंडाचं कुणी वाकडं तोंड करून ठेवलं होतं. माझं डोकं फिरलं.

"आई, पुसताना ह्याला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? अख्खं सेटिंग घालवलंस!"

"मी कशाला हात लावू रे?" आई म्हणाली आणि तिनं वडिलांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. वर बघितलं नाही. मी तणतणत दहाही बटणं पुन्हा माझ्या जागी आणली. शुक्रवारी त्यांनी हेडफोन लावलाच नाही. नको आज, म्हणाले. शनिवारी सहा वाजता सदरा घालून खुर्चीत बसले.

रविवारी सकाळी देशी हेडफोन परत करायला निघालो होतो. त्याची वायर काढायला इक्वलायझर जरा पुढे ओढला, तेव्हा खिडकीतलं ऊन त्याच्यावर तिरपं पडलं. प्रत्येक बटणाच्या खाचेशेजारी पेन्सिलची एक बारीक रेघ होती. दहा बटणं, दहा रेघा; डावीकडच्या तळाला, उजवीकडच्या टोकाला, गुरुवारच्या त्या वाकड्या तोंडाच्या.

त्या कुणाच्या हे विचारायची गरज नव्हती. प्रेसवरचा साचा एकदा नीट जमला की वडील आधी त्याच्या जागेवर रेघ मारत आणि मगच काढायला पान्याला हात लावत, म्हणजे तो परत तिथंच बसवता येई. घरातही पंख्याच्या रेग्युलेटरवर आणि गॅसच्या बटणापाशी त्यांच्या रेघा होत्या. आईवर ओरडलो ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

बटणं रेघांवर आणली, देशी हेडफोन चढवला आणि कॅसेट लावली. दातांतून कळ जाईल असा आवाज. पखवाज गायब, गळे चिरके, सगळीकडे नुसता टाळांचा किणकिणाट. आणि त्या सगळ्यांच्या वर, प्रत्येक वेळी पाव क्षण उशिरा, एक टाळ खणकन आदळत होता.

हेडफोन काढला तेव्हा वडील दारात उभे होते.

"ऐकलंस? मीच तो," ते म्हणाले. "तुझ्या सेटिंगवर टाळ असा ऐकूच येत नाही रे मला. पखवाज सगळं झाकतो. तू ऑफिसला गेल्यावर एकेक बटण हलवत गेलो, तेव्हा सापडला."

"मग सांगितलं का नाहीत? मी आईवर ओरडलो, तेव्हा तरी?"

"तू एवढ्या हौसेनं लावून दिलेलंस. आणि तुझे कान चांगले. म्हटलं, माझंच काही चुकत असेल."

मी दोन्ही हेडफोन त्यांच्यापुढे ठेवले. विचारलं, "कोणता ठेवू?"

"हा काळा. तो दुसरा माझ्या चष्म्याच्या काड्यांवर नीट बसत नाही, फट राहते. ह्याच्यात मी जास्त वाईट वाजवतो."

वहीत मी चष्म्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. परदेशी हेडफोन परत केला.

पुढचा आठवडाभर ते दुपारी रेघांवर बटणं लावून बसायचे, असं आईनं सांगितलं. हातात टाळ नाही, नुसती गुडघ्यावर बोटं. हात मागे का पडतो हेही त्यांनी शोधून काढलं. स्वतःला ऐकू यावं म्हणून जोरात मारायचं, जोरात मारायला हात लांब न्यायचा, आणि तो परत येईपर्यंत वेळ जायचा. मला समजावताना त्यांनी मशीन समजावतात तसं हवेत हात चालवून दाखवलं.

शनिवारी सहाला त्यांनी सदरा घातला, खिळ्यावरचे टाळ काढले आणि चपला घातल्या. मीही सोबत गेलो आणि देवळात मागे भिंतीला टेकून बसलो. बुवांनी पाहिलं, नुसती मान हलवली आणि पखवाजावर थाप दिली. वडिलांची नजर बुवांच्या हातावरून हलली नाही. टाळ जेमतेम टेकवत होते. बाकीच्यांत त्यांचा टाळ मिसळून गेला होता. मी कितीही कान देऊन ऐकलं तरी मला तो वेगळा काढता येईना.

परतताना मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आज टाळ ऐकू येत होता का तुम्हाला?"

"छे, अजिबात नाही," ते खुशीत म्हणाले. "मला ऐकू आला असता तर उशिरा पडला असता."