फॅमिली हिस्टरी: निल

"आमचे घरान कोनाला बीपी नाय, कोनाला झटके नाय. लिव तू," मंजुळाच्या सासूबाईंनी सांगितलं. मी कार्डावर लिहिलं, फॅमिली हिस्टरी: निल. जिची हिस्टरी होती ती गरोदर मंजुळा शेजारी खाली मान घालून बसली होती.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. घणसोलीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी सिस्टर होते. गरोदरपणात काही बायकांचं बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं. आम्ही त्याला टॉक्सिमिया म्हणायचो, आता प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वेळीच कळलं नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. पहिलटकरणीला धोका जास्त. आईला किंवा बहिणीला झालं असेल तर आणखी जास्त. हे सगळं मला तोंडपाठ होतं. डॉक्टर तर माझी कार्डं नव्या सिस्टरांना दाखवायचे. "बघा, एक कॉलम रिकामा नाही!"

सातव्या महिन्यात मंजुळाच्या पायांवर सूज आली. बीपी थोडं वर होतं. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "हिस्टरी निल आहे ना? मग पंधरा दिवसांनी बोलवा."

ती आठवड्यातच आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची आई उरणकडून न्यायला आली होती आणि सासूबाईंसह तिघी कार्ड घ्यायला आल्या होत्या. मंजुळाचा चेहरा सुजला होता.

"सिस्टर, डोका लय दुखतंय. समोरचा धूसर दिसतंय." चार महिन्यांत ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"माजे थोरलीला पन अशीच सूज होती," आई म्हणाली.

"मग?"

"मंग काय, झटके आले. गेली. मला पन आलते, मी वाचले."

मी सासूबाईंकडे वळले. "मावशी, तुम्ही तर नाही म्हणालात!"

"आमचे घरान नायच! ता तिचे म्हायेरचा. माला कोनी इचारला?"

खरंच, कोणी विचारलं होतं? लग्न झालं की मुलीचं घर म्हणजे सासर, हे माझ्या अंगवळणी इतकं पडलं होतं, की तिचं रक्त माहेरचं आहे हे सुचलंच नाही.

बीपी एकशे सत्तरवर. टेस्ट ट्यूबमधली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, तर दह्यासारखी पांढरी झाली. म्हणजे भरपूर प्रोटीन.

"पण कार्डावर तर निल..." डॉक्टर म्हणाले.

"सर, कार्ड राहू द्या. जीप काढायला सांगा."

इंजेक्शन देऊन तिला जीपमध्ये आडवी केली. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत आई एकच विचारत होती, "माजी येक गेली. ही तरी ऱ्हाईल ना, बाय?" मी हातातल्या कार्डाकडे पाहत होते. स्वतःच्या सुवाच्य अक्षराची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

दोघी वाचल्या. सिझेरियन झालं, मूठभर मुलगी झाली. तिला पाहून सासूबाई म्हणाल्या, "आमचे घरावर गेलीय."

दुसऱ्या दिवसापासून मी सासवांना बाहेरच्या बाकावर बसवू लागले आणि मुलींनाच माहेरचं विचारून सगळी कार्डं नव्याने भरली. बरीचशी 'निल' खोडावी लागली. डॉक्टरांना ती खाडाखोड आवडली नाही.

पुढे निवृत्तीच्या सुमारास एका ट्रेनिंगला गेले. तिथे कळलं की बाळात बापाचंही रक्त असतं, म्हणून नवऱ्याच्या आईला हा त्रास झाला असेल तरी सुनेला धोका वाढतो. म्हणजे सासूला विचारण्यात माझी चूक नव्हती. फक्त सासूलाच विचारण्यात होती.