टोपात उरलेला भात

कुणी ‘पोटभर’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. पोटभर म्हणजे किती? एक डाव की तीन डाव? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घरोघरी जाऊन कोण काय खातं, किती खातं हे शोधणं हा माझा धंदा. पोरांच्या दंडाला पट्टी लावायची, वजन घ्यायचं आणि काल दिवसभरात कुणाच्या पोटात काय गेलं ते काढून घ्यायचं. पहिली दोन कामं कुणीही करेल. तिसऱ्यात माझा हात धरणारं कुणी नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लोक खोटं बोलत नाहीत हो. पण विचारलं की ‘डाळ-भात’ म्हणून मोकळे होतात. वैशाखरे गावात एक बाई मला डाळ-भातच सांगत बसली होती आणि शेजारी चुलीवर चिंबोऱ्यांचा रस्सा रटरटत होता. “मग हे काय?” म्हटलं, तर हसायलाच लागली. “ते काय जेवण हाय, ताय? ते तर ओढ्यातून धरून आणलंय!” म्हणजे विकत आणलं नाही ते जेवणात धरायचंच नाही. धन्य!

म्हणून मी हल्ली विचारत नाही. कालची जेवणं पुन्हा मांडायला लावते. तोच टोप, तीच ताटं, आणि काल शिजवले तेवढेच कच्चे तांदूळ टोपात. मग काल जसं वाढलं तसंच वाढायचं, त्याच डावाने, त्याच क्रमाने. शिजल्यावर तांदूळ फुगतात, पण वाटणी बदलत नाही. बायका आधी भातुकली म्हणून खिदळतात, नंतर स्वतःच एकेक डाव मोजायला लागतात.

मागच्या श्रावणात डोळखांबकडच्या एका पाड्यावरून अंगणवाडीताईंचा फोन आला. एका घरची सून, पहिलटकरीण, सहावा महिना लागलेला, आणि वजन जागचं हलत नव्हतं. पोटातलं बाळ बारीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या. “सासू म्हणते, पोटभर जेवते,” ताई म्हणाल्या. झालं! मी पिशवी उचलली.

सासू ओटीवर बसलेली, सून दाराच्या आड. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं. “खाते गो, पोटभर खाते. टोपात रोज भात उरतो, मी माझ्या डोळ्यांनी बघते. माझं पयलं पोर बाळंतखोलीतच गेलं. मूठभर होतं. मी काय सुनेला उपाशी ठेवीन?” बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला. खरं सांगते, पाड्यावर येईपर्यंत मी तिच्यावर धुमसत होते. पण ही बाई खोटं बोलत नव्हती, ते आवाजावरूनच कळत होतं. मग माशी शिंकत होती कुठे?

“टोप आणा,” मी म्हटलं.

सुनेने कालच्याएवढे तांदूळ टोपात घेतले. ते मोजकेच होते. घरचा जुना भात संपत आलेला, नवा अजून शेतात हिरवा, आणि रेशनचे तांदूळ महिना पुरवायचे. तिने सासऱ्याचं ताट वाढलं, मग नवऱ्याचं, मग सासूचं. शेवटी स्वतःला एक डाव घेतला, तोही अर्धवट, आणि डाव खाली ठेवला. टोपात तांदूळ शिल्लक होते.

“हे कुणाचे?”

“ते ऱ्हावू दे.”

“राहू दे कसं? भूक नव्हती?”

तिने सासूकडे पाहिलं. “तिकडे नको, माझ्याकडे बघ,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“भूक असते,” ती म्हणाली. “पण टोप कोरा करायचा नाय ना. मी लगीन होऊन आले तवाच आईंनी सांगितलं. घराची बरकत जाते.”

ही रीत आमच्या घरातही होती. रात्री टोप खरवडून रिकामा करायचा नाही, दोन घास राहू द्यायचे. सकाळी कामावर जाणारा ते खाऊन जातो. सुगीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण श्रावणात ते दोन घास शेवटी जेवायला बसणारीच्या ताटातून जातात. सून सासूचा शब्द पाळत होती, आणि तो उरलेला भात बघून सासूला वाटत होतं, पोर पोटभर जेवून धाली.

सासूने टोप पुढ्यात ओढला आणि सगळे तांदूळ सुनेच्या ताटात उपडे केले, बुडावर थापा मारून मारून. “उद्यापास्नं आधी ही जेवंल,” ती आत बघून ओरडली. “ऐकलंत का वो!”

“मी कवा नाय बोललो?” आतून सासरा म्हणाला. सून तोंडावर पदर धरून हसली.

महिन्याभराने पुन्हा गेले. वजन वाढलं होतं. काट्याआधी सुनेच्या गालांनीच ते सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथेच मिठी मारली. सासूने पालथा घातलेला टोप मला मुद्दाम उचलून दाखवला. “बघ, एक शीत नाय!”

“आणि बरकत?” मी चिडवलं.

“बरकत गेली उडत!”

सून पाण्याला गेली तशी ती माझ्याशेजारी येऊन बसली. हसू ओसरलं होतं. “माझी सासूपण हेच सांगायची गो,” ती म्हणाली. “मी पण रोज ठेवायची. रोज.” टोप अजून तिच्या मांडीवरच होता. “माझ्या पयल्याच्या टायमाला तू का नाय आलीस?”