केसांत माळायचे गुलाब

पीच नावाचा रंग मला लेकीच्या लग्नापर्यंत वेगळा ओळखावा लागला नव्हता. आमच्याकडे तो सगळा आबोलीतच जमा. पण लेक हट्टाला पेटली होती. मांडवाचे खांब, दारातलं ताट, नवऱ्याच्या शेरवानीवरचं फूल, बायकांच्या केसांतलं फूल, सगळं एकाच पीच रंगाच्या गुलाबाचं हवं. ती तुयेला औषधांच्या कारखान्यात तपासणी करते. गोळीचा रंग जरा फिकट आला तर अख्खा माल बाजूला काढणारी मुलगी स्वतःच्या लग्नात रंगावरून कोणाचं ऐकेल, ही आशाच नव्हती.

मुलगा त्याच कारखान्यातला, चोपडे गावचा. दोघांनी आपापसांत ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. त्याने पहिल्यांदा तिला जे फूल दिलं ते म्हणे ह्याच रंगाचं होतं, म्हणून हा थाट. मुलाच्या आईला हे आपणहून ठरवणं फारसं रुचलं नव्हतं. तिने एवढंच सांगितलं होतं की बाकी काय हवं ते करा, पण लग्न विधीप्रमाणे झालं पाहिजे, त्यात उणं नको. मी तिला तसा शब्द दिला होता.

फुलं निवडायला आम्ही दोघी म्हापशाला गेलो. गुलाब बेळगावहून घाट उतरून येतात. फुलवाल्याने एकेक जुडी पुढे ठेवली आणि प्रत्येक जुडीला तो पीचच म्हणत होता. ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी सरळ जुड्या उचलल्या आणि रस्त्यावर उन्हात नेल्या. एक चक्क गुलाबी निघाली, एक पिवळी, आणि एकीच्या पाकळ्यांच्या कडा आधीच तपकिरी झाल्या होत्या. शेवटची तेवढी खरी. आतून जरा गडद, बाहेर येता येता हलकी होत गेलेली. लेकीने ती ओढणीला लावून पाहिली आणि म्हणाली, "म्हाका ह्योच रंग जाय." हवा तर हाच, दुसरा नको. मला बरं वाटलं. आई अजून कुठेतरी उपयोगी पडते म्हणायची.

मग फुलवाल्याने विचारलं, केसांसाठी किती? लेक बोटांवर मोजू लागली. काकी, आत्या, मावश्या, त्यांच्या सुना, मैत्रिणी, नवऱ्याकडच्या बायका. आणि शेवटी म्हणाली, आणि आई.

फुलवाल्याने वर पाहिलं. माझ्या रिकाम्या गळ्यावरून त्याची नजर गेली आणि मग तो उगाचच फुलांवर पाणी शिंपडायला लागला. मी म्हटलं, माझं धरू नका. लेक म्हणाली, धरा. मी पुन्हा म्हटलं, नको. त्या माणसाची पंचाईत झाली. लेक त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. हा राग तिने माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे तो मला लगेच ओळखता येतो. तिने माझं फूल धरायला लावलंच.

तिचे बाबा जाऊन काही वर्षं झाली. ते आमच्या मुळगावातल्या खाणीवर ट्रक चालवायचे. ते गेल्यापासून मी केसांत फूल घातलेलं नाही. आमच्याकडे कुठल्याही कार्याच्या दारात ताट घेऊन मुली उभ्या असतात. येणाऱ्या बाईला हळदकुंकू आणि फूल देतात, आणि माझ्यासारखी आली की ताट अलगद पुढच्या बाईकडे वळतं. त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. त्या अवघडतात म्हणून मीच चपला काढायच्या निमित्ताने बाजूला होते आणि कडेने आत शिरते. गंमत अशी की त्या ताटातले आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, बऱ्याचदा मीच गुंफलेले असतात. माझ्या अंगणात आबोली भरपूर, आणि माझ्या हातचा वळेसर संध्याकाळपर्यंत सुटत नाही असं गावात सगळ्या म्हणतात. माझ्या हातचं चालतं. माझ्या केसांत चालत नाही.

खरं सांगायचं तर फुलवाल्याच्या दुकानात मागच्या भिंतीला लांबलचक आरसा होता. उन्हातून परत येताना जुडी माझ्या खांद्याशी होती आणि एक गुलाब बरोबर कानामागे दिसत होता. मी थबकले. मला ते फूल हवं होतं. लेकीसाठी नाही, रीत मोडायची म्हणून नाही, मला ते आवडलं होतं म्हणून हवं होतं. मी जे तावातावाने नको नको म्हटलं ते त्यामुळे. नसतं आवडलं तर एवढा आवाज चढला नसता.

परतताना स्कूटरवर भांडण झालं. ती पुढे, मी मागे, वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते. लोक काय म्हणतील हे माझं, म्हणू देत हे तिचं. डिचोली जवळ आल्यावर तिने स्कूटर कडेला घेतली आणि मान न वळवता म्हणाली, तू माळणार नसशील तर कोणीच नको, मी आत्ताच फोन करून गुलाब रद्द करते. मी म्हटलं, बघूया. आमच्या घरात बघूया म्हणजे अर्धा होकार. तिने तो पूर्ण धरला आणि घर येईपर्यंत गुणगुणत राहिली.

आमची आणि थोरल्या दिरांची घरं एकाच अंगणात. कन्यादानाला दीर आणि जाऊ बसणार होते, कारण मला एकटीला बसता येत नाही. दुसरं वडीलधारं जोडपं आमच्याकडे नव्हतंच. माझ्या भावाने लग्न केलं नाही, आणि बहिणींच्या, नणंदेच्या नवऱ्यांतला एकही पाटावर बसवण्यासारखा नाही, कोणी अंथरुणाला खिळलेला तर कोणी दारूत. जाऊ वाईट बाई नाही. आमचे हे गेले तेव्हा तिने महिनाभर मला चुलीला हात लावू दिला नाही, सकाळी पदेराकडून पाव घेताना आमचेही तीच घ्यायची. लेकीच्या लग्नाचं कळल्यावर पहिली उडी तिने मारली होती.

एका दुपारी ती नवी साडी घेऊन आली. साडी पीच. फुलवाल्याकडून आणलेला नमुन्याचा गुलाब मी जनेलाच्या गजांशी पेल्यात ठेवला होता, त्याच्या शेजारी तिने पदर धरला आणि रंग तंतोतंत जुळला म्हणून ती लहान मुलीसारखी खूश झाली. मग साडीची घडी घालता घालता तिने विचारलं, लेक सांगते ते खरं का, तूही माळणार आहेस? मी म्हटलं, तिची हौस आहे. जाऊ खाटेवर बसली. तिचे हात थांबले.

"तूं फूल माळून मांडवांत उबी रावतली, आनी हांव घोवाच्या कुशीक कन्यादानाक बसूं?" ती म्हणाली. "ताका कितें जालें जाल्यार हांव कितें करूं गो?"

त्याला काही झालं तर, म्हणत होती ती. तिचा घोव, म्हणजे माझे थोरले दीर; त्यांच्या काळजाचं ऑपरेशन गेल्या पावसाळ्यात झालं होतं. इस्पितळाच्या बाकावर मी तिच्याबरोबर बसले होते. तिच्या हाताची नखं माझ्या मनगटात रुतली होती ते मला आठवत होतं. आता ती माझ्याशी भांडत नव्हती. ती घाबरली होती, आणि तिला माझीच भीती वाटत होती. हे मला लागलं. माझ्या केसांतल्या एका फुलाने तिचा नवरा मरेल असं तिला खरोखर वाटत होतं. आणि ती इतकी जिवाभावाची बाई होती की हे तिने मला तोंडावर सांगितलं, मागून कुजबुजली नाही.

मी फूल माळणार असेन तर कन्यादानाला दुसरं कोणी बघा, असं तिने शेवटी सांगितलं. लग्न तोंडावर आलं होतं. बसायला जोडपं नाही हे चोपड्याला कळलं असतं तर मुलाच्या आईने काय केलं असतं याचा विचारही करवेना. मी म्हटलं, नाही माळत. ती माझ्या हातावर हात ठेवून रडली आणि साडी घेऊन गेली.

लेकीला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती तशीच अंगण ओलांडून जाऊन काकीच्या दारात उभी राहिली असती, आणि एकदा बोलायला लागली की तिला थांबवणं तिच्या बाबांनाही जमलं नसतं. मधले दिवस मी जीव मुठीत धरून काढले. लेक रोज विचारायची, तुझा अंबाडा कसा बांधायचा, फूल डाव्या बाजूला की उजव्या. मी म्हणायची, डाव्या. एकदा आरशासमोर बसवून तिने माझ्या केसांत काटे लावूनही पाहिले. जाऊ त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने खिडकीतून आत पाहिलं आणि मी जोराने मान हलवली, काहीच नाही असं. लेक म्हणाली, हलू नको.

लग्न देवळाच्या बाजूच्या हॉलमध्ये. सकाळी गुलाब आले ते उन्हातल्या त्या शेवटच्या जुडीच्याच रंगाचे, एकही कमीजास्त नाही. फुलवाल्याच्या माणसांनी तारेने बांधून खांब भरले. हॉल बघून लोक बोलायचे थांबत होते. नटवायच्या खोलीत लेकीने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, फूल कुठे? मी म्हटलं, दारात ताटातलं घेईन, सगळ्यांसारखं. हे उत्तर मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि नटवणारी बाई ओरडली म्हणून तिने ते टिपले.

दारात ताट घेऊन तिची कारखान्यातली मैत्रीण उभी होती. तिला बजावलेलं असणार, कारण तिने माझ्या गळ्याकडे पाहिलंच नाही, सरळ गुलाब पुढे केला. माझ्या मागे जाऊ होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी गुलाब घेतला, वळले आणि जाऊच्या हातात दिला. मग पदर डोक्यावरून घेतला. लेकीच्या लग्नात आईने डोक्यावर पदर घेतला तर कोणाला काही वाटत नाही, आणि पदराखाली काय आहे, काय नाही, ते मांडवातून दिसत नाही.

मंगलाष्टकं झाली. कन्यादानाला दीर आणि जाऊ पाटावर बसले. मी खांबाला टेकून उभी होते. लेक मान वर करून मला शोधत होती, तिची नजर पदरावर येऊन अडत होती, आणि भटजी तिला समोर बघ म्हणून सांगत होते. एकदा तिने भुवई उंचावून विचारलं. मी हसले. तिला ते हसू पटलं नाही हे मला तिथूनही कळलं. दिरांच्या कपाळावर घाम आला होता. जाऊ पाण्याच्या धारेपेक्षा त्यांच्या तोंडाकडे जास्त बघत होती, आणि मीसुद्धा. हॉलमध्ये पंखे गरगरत होते तरी माझी पाठ भिजली होती. पाणी सुटलं. हात हातात गेला. भटजींनी पुढचा मंत्र धरला आणि दीर गुडघ्यावर हात टेकून उठले, खुर्चीत जाऊन बसले, आणि त्यांनी कोणाकडून तरी सरबत मागून घेतलं. बरे होते. चांगले खणखणीत बरे होते.

मी श्वास सोडला. एकदम काहीतरी हलकं झालं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. कन्यादान झालं होतं. शब्द पाळला होता. चोपड्याला उणं काढायला काही नव्हतं, जाऊला भ्यायला काही नव्हतं, आणि माझ्याकडून घ्यावं असं आता कोणाकडेच काही उरलं नव्हतं. मी पदर खाली ओढला. समोरच खांबावर गुलाब होते. एक धरला, तार सुटेना म्हणून दोन्ही हातांनी पिळला, बोटाला ओरखडा आला. तो अंबाड्यात डावीकडे खोचला. जवळच्या खुर्चीतल्या बाईने शेजारणीला कोपर मारलं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, तिनेच मान खाली घातली.

सप्तपदीला लेक वळली तेव्हा तिने पाहिलं. तिचा पाय अडखळला, नवऱ्याने हात धरून तिला सावरलं. ती रडत रडत हसली आणि तशीच पुढचं पाऊल टाकत गेली.

जाऊ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी दिलेला गुलाब तिच्या केसांत होता. होमाकडे बघतच, मला एकटीलाच ऐकू जाईल असं, तिने विचारलं, "कोणाखातीर माळलें गो तुवें?"

लेकीसाठी म्हटलं असतं तर ती समजली असती. मी तसं म्हणावं अशी वाटही तिने ठेवली होती मला. दुखऱ्या बोटाने मी गुलाब जरा आत खोचला.

"म्हाका जाय आशिल्लें," मी म्हटलं. मला हवं होतं.