धुळीची हद्द

वसुधा देशकर जबलपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि नऊ वर्षांपासून पीएच.डी. करतात. यातल्या दुसऱ्या गोष्टीची चौकशी करणं नातेवाइकांनी पाचव्या वर्षीच सोडून दिलं. काम दीर्घिकांची अंतरं काढण्याचं. तिथवर फीत घेऊन कोण जाणार? म्हणून दुर्बिणीने टिपलेला त्यांचा उजेड घ्यायचा, कुठल्या रंगात किती आहे ते पाहायचं आणि संगणकाकडून अंतराचा अंदाज काढायचा. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा उजेड लालीकडे झुकतो.

यंदा एक दीर्घिका सापडली, लालबुंद. उत्तर आलं तेरा अब्ज प्रकाशवर्षं. मराठी मंडळाचे सचिव रामराव यांनी लगेच सत्कार ठरवला, मानपत्रही छापून घेतलं. वसुधाबाईंना फार आनंद झाला, आणि का होऊ नये? नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणी कौतुक करत होतं.

सत्काराच्या सकाळी सासूबाई, सुमित्राबाई, टीव्ही पुसत होत्या, दुसऱ्यांदा.

"धुळीनंही उजेड लाल होते ना गं? गावाकडे पाटणला मळणीच्या दिवसांत सूर्य कसा दिसे!"

"होतो ना आई. पण मी धुळीला हद्द घालून ठेवली आहे. त्या हद्दीपेक्षा जास्त धूळ संगणक धरतच नाही."

"अच्छा! जबलपुरात राहून धुळीला हद्द काहून घालून राहिली तू?"

वसुधाबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी संगणक उघडला. ती हद्द त्यांनीच पहिल्या वर्षी घातली होती, निव्वळ अंदाजाने. नंतर तिकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

त्यांनी हद्द काढली आणि दुसऱ्या दुर्बिणीची अवरक्त मोजमापं जोडली. तापलेल्या धुळीची चमक तिथे ढळढळीत दिसत होती. नवं उत्तर आलं दहा अब्ज. दीर्घिका तितकी दूर नव्हतीच, धुळीने माखलेली होती. वसुधाबाईंनी रामरावांना फोन लावला.

"अरे वहिनी, अब तो छप गया! राहू द्या ना. दहा काय अन् तेरा काय, तिथपर्यंत कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिले ना, भाऊजी."

संध्याकाळी मानपत्र हातात पडताच वसुधाबाईंनी पर्समधून पेन काढलं. माइकसमोर सगळी चूक सांगितली, 'तेरा' खोडून 'दहा' लिहिलं आणि शेजारी सही केली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग पहिल्या रांगेतून सुमित्राबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.