वैनीचं बोलणं जसंच्या तसं

संमतीपत्र घेऊन मी वैनीकडे गेले तेव्हा ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. वैनी म्हणजे आमच्या गल्लीतली सून. गावच्या लेकीनं गावच्या सुनेला वैनी म्हणायचं, तिनं मला अक्का म्हणायचं, एवढंच आमचं नातं. पण वयानं आम्ही जवळजवळ सारख्या. सुट्टीत मी गावी आले की थोडा वेळ तरी तिच्या ओसरीवर जायचाच.

कागद तिनं हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात काय लिवलंय?"

"तू जे सांगशील त्यात तुझं नाव कुठंच येणार न्हाई, असं लिवलंय."

"बरं. आन् ह्या रेघंवर काय करू?"

"तिथं तुझं नाव लिही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाव येणार न्हाई, म्हणून नाव लिवायचं? अक्का, बंगळूरला हेच शिकवायलेत व्हय तुला?"

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता तिनं सही केली. तो कागद मी बंगळूरला नेऊन विभागाच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. नियमच तसा आहे. नाव असलेला तेवढा एकच कागद असतो आणि तो कोणाच्या हाती लागू नये याची आम्ही फार काळजी घेतो.

आमचं गाव कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, त्यामुळे माझं शिक्षण तीन भाषांत झालं. गावात मराठी शाळा, आळंदला आल्यावर कन्नड, आणि पुढे गुलबर्ग्याला इंग्रजी. वडील गवंडीकाम करतात, आई मिळेल त्याच्या शेतात जाते. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आळंदच्या कॉलेजात आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी सुट्टीच्या दिवशीही लॅबची किल्ली माझ्याकडे दिली नसती, तर मी आज कुठे असते ते मला माहीत नाही. हे मी कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच तसं आहे, आणि पुढे जे झालं त्यात सरांचा दोष नाही हे आधीच सांगितलेलं बरं.

मी मोबाईलवरच्या खासगीपणाचा अभ्यास करते. आमच्या विषयात ज्याच्यापासून माहिती वाचवायची तो माणूस बहुतेक वेळा लांबचा धरलेला असतो. परदेशातला चोर, एखादी कंपनी, कधी सरकार. त्याच्यासाठी कुलपं तयार झाली आहेत आणि ती चांगली आहेत. पाठवलेला मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण आमच्या गल्लीत एका घरात एकच चांगला फोन असतो. सकाळी तो नवऱ्याकडे, दुपारी सासूच्या उशाशी, संध्याकाळी मुलांच्या हातात. तिथं ज्याच्यापासून लपवायचं तो शेजारीच जेवायला बसलेला असतो, आणि तो काही शत्रूही नसतो. अशा फोनमध्ये बायका आपलं असं काय ठेवतात आणि कसं, हे मला समजून घ्यायचं होतं. बंगळूरच्या माझ्या मार्गदर्शक बाईंना विषय आवडला. संमतीपत्र इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होतं. मराठीतलं मी स्वतः बसून केलं, चार वेळा खोडून.

वैनीनं जे सांगितलं ते असं. तिचं माहेर औरादच्या पलीकडे, तेलंगणाला लागून. तिच्या धाकट्या बहिणीनं हैदराबादला स्वतःच्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीत. माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं. सासरच्यांनीही वैनीला सांगितलं की त्या मुलीशी बोललीस तर तुझंही माहेर संपलं. वैनी हो म्हणाली आणि बोलत राहिली. फोनमध्ये तिनं एक कॅल्क्युलेटर घेतला होता. दिसायला साधा, बेरीज-वजाबाकीही करायचा. पण ठरावीक आकडे टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं की आत दुसरंच दार उघडायचं. त्यात बहिणीचे मेसेज, तिच्या मुलीचे फोटो, तिचा नंबर. बहीण स्वतःहून कधी फोन करायची नाही. इकडून गेला तरच बोलणं. तसं दोघींचं ठरलेलं होतं.

"तुला भीती वाटत न्हाई?" मी विचारलं.

तेव्हा ती जे बोलली ते मी नंतर रेकॉर्डिंग ऐकून तिच्याच शब्दांत लिहून घेतलं: "घरात फोन एक. ते समद्यांच्या हातात फिरतंय कदा. मग माझं बोलणं मी कुठं ठिवू, चुलीत ठिवू?"

वाक्याच्या शेवटी 'कदा' हे तिच्या माहेरच्या तेलुगूतलं. आपलं 'ना' असतं तसं. आमच्या गावात तसं कोणी बोलत नाही. तिचा हेलही वेगळा, प्रश्न विचारताना वर चढून तिथेच थांबणारा. मला तिचं बोलणं फार आवडायचं.

शोधनिबंध लिहिताना बाई म्हणाल्या की ही वाक्यं इंग्रजीत सारांश करून टाक. मी हट्ट धरला. आमच्या भागातली मराठी कुठल्याच पुस्तकात नसते. शाळेत असताना 'न्हाई' म्हटलं म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत. आज जगातले लोक वाचतात त्या ठिकाणी आमची बोली जशीच्या तशी छापून येईल, खाली इंग्रजी अर्थ असेल, याचा मला अभिमान वाटत होता. नावं काढली, गावं काढली, वयं काढली, माहेर काढलं. बोलणं ठेवलं. बाई म्हणाल्या, "तुझा भाग तुला जास्त माहीत." तो त्यांचा विश्वास होता.

निबंध स्वीकारला गेला. सरांना कळलं तसा त्यांनी आळंदच्या कॉलेजात सत्कार ठेवला. शाल, नारळ, पुढच्या रांगेत माझे आईवडील. मी मराठीत बोलले. इतकी वर्षं इंग्रजीत बोलून जीभ जड झाली होती, ती त्या दिवशी सुटली. मुलींना समजावं म्हणून मी कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली. आणि वैनीचं वाक्य म्हणून दाखवलं. कागदावर बघून वाचलं नाही, तिच्या हेलात म्हटलं. 'चुलीत ठिवू?' ला सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या. मला वाटलं, टाळ्या वैनीला आहेत.

तीन दिवसांनी आईचा फोन आला.

"तुझं भाषण बघिटलं की समद्या गल्लीनं. लई चांगलं बोललीस. पर पलीकडच्या घरात काय तर झालंय. सून भाईर येईना."

"भाषण कुठं बघितलं?"

"फोनवर. सरानं पाठिवलं म्हणं कुणाला तर, ते गावात आलं."

पुढचं आईनं तुटक तुटक सांगितलं, ते मी इथे जोडून लिहिते. ती चित्रफीत वैनीच्या घरीही आली. त्याच फोनवर. संध्याकाळी जेवणं व्हायची होती. आपल्या गावची पोरगी बोलायलीय म्हणून वैनीच्या नवऱ्यानं ती मोठ्यानं लावली. वैनी भाकरी थापत होती. 'चुलीत ठिवू' ला नवरा हसला. सासू म्हणाली, "परत लाव." त्यानं परत लावली. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. सासू सुनेकडे वळून म्हणाली, "हे तू बोलल्यावानी वाटायलंय गे." आणि नवऱ्यानं कॅल्क्युलेटर उघडला. कुठे बघायचं हे मीच हॉलमध्ये सांगून ठेवलं होतं.

मी सरांना फोन केला. ते गडबडले. "काढतो, आत्ता काढतो." दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "आपल्या ग्रुपमधून काढलं बघ. पण लई जणांनी पुढं पाठवलंय गं. सगळे कौतुकच करायलेत, तू कामून घाबरायलीस?" मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी एका माणसाला कळलं असतं. एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष सापडला तर जगाला सांगण्याआधी तो बनवणाऱ्यांना कळवायचा, म्हणजे त्यांना दुरुस्तीला वेळ मिळतो, असं आम्हाला शिकवतात. मी ते नियम पाठ केले होते. इथे कोणाला कळवायचं होतं?

दुसऱ्या दिवशी मी गावी निघाले. वैनीच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मावशी, म्हणजे तिची सासू, समोरच बसलेली होती.

"ये गे मॅडम. बस." तिनं पाट सरकवला. "आमच्या घरातलं दाखिवलीस दुनियेला."

"मावशी, मी नाव घेतलं न्हाई..."

"नाव घ्यायला कामून पायजे? मी काय तिचं बोलणं वळखत न्हाई? सात वर्स झालं ऐकायलाव. पर इचारायचं हुतं गे."

"इचारलं हुतं. वैनीनं सही केलीय."

"ती कोण सही करणारी? घराला इचारायचं हुतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता, ती रागावलेलीही दिसत नव्हती. वैनीला कोणी मारलं नव्हतं, माहेरी पाठवलं नव्हतं. नवऱ्यानं फक्त तो कॅल्क्युलेटर काढून टाकला होता, आणि फोन आता त्याच्या खिशात राहायचा. मावशीनं सुनेला चहा करायला सांगितलं आणि स्वतः म्हशीला पाणी दाखवायला मागे गेली.

वैनी चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "तिचे दिवस भरलेत अक्का. दुसरं हाय. पयल्या वक्ताला लई तरास झालता."

"तिचा नंबर सांग. मी करते फोन."

"कुठं पाठ हाय? ते आत हुतं, आतूनच लागायचं. गेलं समदं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या कागदात हाय का? तुला दाखिवले हुते मी फोन."

"न्हाई. दुसऱ्याचा नंबर आम्ही घ्यायचा नसतो."

"आवाज घेतलीस की माझा. त्यात मी सांगिटलं असंल."

"ते ऐकून लिहून झालं की पुसून टाकायचं असतं. पुसलं."

"समदं?"

"व्हय."

"पुसायचं ते ठिवलीस," ती म्हणाली, "आन् ठिवायचं ते पुसलीस."

मागून बादलीचा आवाज आला. वैनीनं घाईनं बहिणीचं नाव सांगितलं, नवऱ्याचंही. हैदराबादेत नेमकं कुठे राहते ते तिला माहीत नव्हतं.

बंगळूरला येऊन मी शोधलं. एखाद्या माणसाचा त्याला न विचारता माग काढणं किती सोपं आहे आणि ते का थांबवलं पाहिजे, यावर मी व्याख्यानं ऐकली आहेत. आता मीच तसा माग काढत होते. त्या नावाच्या बायका ढिगानं होत्या. बहुतेकींनी फोटोच्या जागी फूल नाही तर देव लावलेला, बाकी सगळं बंद. ज्या चारदोन वाटल्या त्यांना मेसेज पाठवला. अनोळखी माणसाचा मेसेज कोणी उघडला नाही. उघडू नये असंच आम्ही सगळ्यांना सांगतो. मग काही बाळंतपणाच्या दवाखान्यांत फोन केले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: पेशंटची माहिती नातेवाइकांशिवाय कोणाला देता येत नाही. अगदी बरोबर होतं ते.

बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. निबंधाच्या ऑनलाइन प्रतीत त्यांनी बदल करवून घेतला. आता तिथे वैनीचं वाक्य नाही. फोन घरात सामायिक असल्यानं वैयक्तिक संवादाला जागा उरत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आहे. ती वाचून कोणीही कोणालाही ओळखणार नाही. आमच्या आळंदच्या हॉलमध्ये त्या ओळीला कोणी हसलंही नसतं.

त्या बदलाचा वैनीला काही उपयोग नव्हता. तरी पंचमीला गावी गेले तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी सांगावं. ती दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "सापडली?"

"न्हाई वैनी."

तिनं गल्लीकडे पाहिलं. समोर लिंबाला झोका बांधलेला होता, पोरी आळीपाळीनं बसत होत्या.

"झालं असंल आतापतुर," ती म्हणाली. "पोरगा का पोरगी काय की." मग म्हणाली, "मीच करायची कदा दर वक्ताला फोन. ती वाट बघितली असंल. दवाखान्यात बी बघितली असंल. आता तिला वाटायलं असंल, मीबी सोडले."

मी म्हणाले, "तसं न्हाई वाटायचं तिला."

"तुला काय ठाव?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

एवढ्यात मावशी बाहेर आली. कडक भाकऱ्या आणि शेंगांच्या चटणीचं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. "होस्टेलात खा. आठ दिस टिकतंय," म्हणाली. मला नको म्हणता आलं नाही. वैनी आत गेली होती. मी गाठोडं घेऊन गल्लीत उभी राहिले. निबंधातलं तिचं वाक्य काढल्याचं सांगायचं राहूनच गेलं.