सड्यावरची विहीर आणि माझे तारे

वाडीच्या वार्षिक अंकात लिहावं एवढा मी मोठा नाही. घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढंच. गाव धरून राहिलेल्यांची आणि माझ्याआधी मुंबईला गेलेल्यांची आधी माफी मागतो.

ताऱ्यांवर पीएच.डी. करायला मी पुण्याला निघालो त्या सकाळी बाबा सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, थेट रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आले. पाय गुडघ्यापर्यंत जांभ्या दगडाच्या मातीने लाल. झाडं, वारुळं बघून जमिनीखालचं पाणी बाबा सांगतात. वाडीची नवी विहीर त्यांच्याच शब्दावर खणायला घेतलेली, आणि तीस फुटांवरही खडक कोरडा. शेजारचे गोविंदकाका म्हणाले, "काय रं सखाराम, पोरगा निघाला ताऱ्यांकडं, तू पाताळात. पानी कुटं हाय?" बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "तू जा. लागलं की कळवतो."

खणत्या विहिरीचं घरच्यांनी विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून दर रविवारी फोनवर मी आईचे गुडघे, आमसुलं, म्हैस असं सगळं विचारायचो. पाणी सोडून.

इथे पुण्यात माझं काम असं. आपल्या आकाशगंगेतले तारे जितक्या वेगाने फिरतात, त्या वेगात त्यांना धरून ठेवायला दिसणारा पदार्थ पुरत नाही. उरलेलं जे दिसत नाही, ते डार्क मॅटर. संगणकात मी एक आकाशगंगा रचतो, हा पदार्थ कुठे दाट, कुठे विरळ ठेवतो आणि माझे तारे खऱ्यांसारखे चालतात का ते बघतो. सिम्युलेशन दोन-दोन दिवस चालतं. पडद्यावर ठिपके सावकाश फिरतात, आणि बघता बघता मी सड्यावर पोचतो. बाबा उकिडवे बसलेले असतात, काहीच न दिसणाऱ्या कातळाकडे बघत.

माझे तारे जुळत नव्हते. बाबांचा शब्द खोटा ठरला तर आपलंही खोटंच, असं वाटायला लागलं. माझ्या गाइड सरांना हे कसं सांगणार?

एकदा आईला विचारलं, "बाबा माझ्या कामाचं विचारतात काय गो?"

"नाय. मलापन विचारू देत नायत. म्हनतात, त्याचंबी खणणं चालू हाय."

तेव्हापासून घर म्हटलं की मला भिंती आठवत नाहीत. ते न विचारणं आठवतं.

गेल्या बुधवारी भर दुपारी लॅबमध्ये आईचा फोन आला. "लागलं रं! गोड हाय!"

"बाबांना दे."

"कसा देऊ? खाली उतरलेत. अख्खी वाडी हाका मारतेय, वर यायलाच तयार नायत."