पूर्वमंजुरीचा फोन

दुःखाला साक्षीदार लागतो. त्याशिवाय ते पुरतं खरं होत नाही. आमच्या घरी ही सोय विमा कंपनीने केली आहे. साक्षीदार कामाच्या वेळेत फोन करतो.

बायकोला संधिवात आहे, बोटं वाकवणारा. साध्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा आदिलाबादच्या डॉक्टरांनी महागडं इंजेक्शन सुरू केलं. त्याला कंपनीची पूर्वमंजुरी लागते. आधी त्यासाठी रिपोर्ट, एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या असं बाड द्यावं लागे. यंदा पद्धत सोपी झाली. तसं पत्रकही आलं. त्यावर एक म्हातारं जोडपं हसत होतं आणि दोघांचीही बोटं सरळ होती. आता बाड नको. कंपनी रुग्णालाच फोन करून तब्येत विचारणार.

पहिला फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आल्यावर कळलं, कुणी मुलगी होती, हिंदीत फार गोड बोलली. तिने तब्येत विचारली. बायकोने आराम आहे म्हणून सांगितलं आणि उलट तिच्या आईची तब्येत विचारली.

आमच्या बाजारहत्नूरकडे ‘कसं आहे’ला ‘बरं आहे’ हेच उत्तर असतं. तापाने फणफणलेला माणूसही तेच देतो. ऐकणाराही तेवढ्याच तयारीने आलेला असतो.

चौथ्या दिवशी मेसेज आला: रुग्णाला आराम, औषधाची गरज नाही. इंजेक्शन आठ दिवसांवर होतं. मागे एकदा ते चुकलं, तेव्हा तिला पाण्याचा पेला उचलता येत नव्हता.

दवाखान्यातल्या विमा काउंटरवरच्या माणसाने मेसेज वाचला. “सर, आराम है बोले तो दवा काय को?” त्याने पुन्हा फोनची विनंती टाकली आणि बजावलं, की काहीच फरक नाही असंही म्हणू नका, मग औषध लागू पडत नाही म्हणून बंद करतात. म्हणजे इंजेक्शनने बरं वाटायला हवं, पण बरं व्हायला नको. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. एवढं अवघड उत्तर कुणाकडून पाठ करून घेतलं नव्हतं.

“परक्या मानसाले काऊन सांगू माह्यं दुखनं?” बायको म्हणाली.

“विचारायचा पगार आहे तिला.”

“मंग इचारू द्या. सांगाचा मले कोन देते?”

दुसऱ्या फोनला मी स्पीकर लावून शेजारी बसलो. तिने सवयीने “आराम है” म्हटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. मुलीने यादीतला पुढचा प्रश्न वाचला: घरचं काम जमतं का?

मग बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “इंजेक्शन से गिलास पकडती. रोटी नहीं होती. सालभर से ये बनाते.”

हे गावात कुणाला माहीत नव्हतं. मी दार लावून भाकरी थापतो. शेजारणी अजून तिच्या हाताचं कौतुक करतात.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: स्वयंपाक पती करतात. मंजुरी तीन महिन्यांची आहे. भाकरी अजून मधोमध फाटते.